मापाऱ्यांची नजर

वखारीतले मापारी फीत लावायच्या आधी ओंडक्याकडे एकदा निरखून बघायचे आणि घेर बोलून टाकायचे. मग मधोमध कापडी फीत फिरायची, लांबी घेतली जायची, घनफूट निघायचे. आणि फीत न चुकता त्यांच्याच बाजूने साक्ष द्यायची.

त्या दिवशी मात्र ती उलटली. मापारी म्हणाले चार फूट, फीत म्हणाली चार फूट दोन इंच. पुढच्या ओंडक्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही तीच रड.

"मापारी, ओंडका समोर आहे की मागे, तेवढं तरी दिसतंय ना?" करवतीवरचा गडी खिदळला.

मापारी हसले खरे, पण पाठ वळताच त्यांनी डोळे चोळून पाहिले. त्यांच्या वडिलांची नजर याच वयात अधू होत गेली होती आणि शेवटी त्यांना दारात कोण उभं आहे तेही विचारावं लागायचं.

रात्री ते ताटात घास चिवडत बसले.

"भाजीनं काय घोडं मारलंय तुमचं?" बायकोने विचारलं. ती शेजारपाजारचे कपडे शिवायची. माणसाचा उतरलेला चेहराही तिला लगेच दिसायचा.

मापाऱ्यांनी अडखळत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचाच चेहरा पडला.

"अहो, तुमची फीत काल शर्टाच्या खिशात राहिली होती. किती मळली होती! म्हणून मी ती उकळत्या पाण्यात, सोडा घालून…"

"धुतलीस?"

"इस्त्रीसुद्धा केली."

तिने झटकन आपली शिवणाची फीत आणून शेजारी पसरली. मापाऱ्यांची फीत चांगलीच आटली होती. फितीवरचे इंचच आखूड झाल्यावर प्रत्येक ओंडका जाडच भरणार!

"म्हणजे माझे डोळे…"

"ठणठणीत आहेत. धुऊन निघाली ती माझी अक्कल."

मापारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

सकाळी त्यांनी मालकाला स्वतःच झालेला घोटाळा सांगितला. मालक कुरकुरला, पण त्याने लोखंडी फीत काढून दिली. कालचे सगळे ओंडके नव्याने मोजायचे होते.

"दुप्पट काम पडलं, आणि तुम्ही एवढे खुशीत?" गडी चक्रावला.

"पडू दे रे बाबा!" मापारी म्हणाले आणि पुढच्या ओंडक्यापाशी जाऊन, फीत खांद्यावरच ठेवून, मोठ्याने ओरडले, "चार फूट सात!"