दारातून सुरू झालेलं सारवण

मुलांनो,

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुझी न सुटलेली एखादी केस होती का?" मी "होती" म्हणाले आणि विषय बदलला. पोळी तव्यावर आहे, हे कारण मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्याच आठवड्यात सोनपेठ तालुक्यातल्या एका गावातून एका म्हाताऱ्या बाईच्या मरणाचा निरोप आला होता. ती गेली, तपासात सोबत असलेले हवालदार, म्हणजे माझे जमादार, तर केव्हाच गेले. ही हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेली आता मी एकटीच आहे. म्हणून लिहून ठेवते. नावं लिहिणार नाही, कारण त्या माणसांची मुलं-नातवंडं त्याच गावात राहतात.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. गावाकडे त्याला फौजदार म्हणतात, आणि मला फौजदारीणबाई म्हणत. नोकरीला चार वर्षं झाली होती. माझं शिक्षण शहरात, इंग्रजी शाळेत झालेलं. घरात शहाबादी फरशी. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगते.

आठवडी बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी अर्धंअधिक गाव एस.टी.ने सोनपेठला येतं. पाचच्या सुमारास मी ठाण्यात स्टेशन डायरी लिहीत असताना त्या गावचे पोलीस पाटील मोटारसायकलवरून आले आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "म्याडम, आखाड्यावर म्हाताऱ्याला मारून टाकलंय. पुतण्या फरार हाय."

आखाडा म्हणजे शेतातली शेड. निम्म्या भागात जनावरं, निम्म्या भागात माणसांची ऊठबस. पाटलांनी एका दमात खबर आणि निकाल दोन्ही दिले, हे मला तेव्हा खटकलं नाही. पुढे मी माझ्या हाताखालच्या लोकांना नेहमी सांगायची, खबरीतली 'काय झालं' आणि 'कुणी केलं' ही दोन वाक्यं वेगळ्या कागदावर लिहा.

गोदावरीच्या काठालगतचं शेत. कडुलिंबाखाली बाजेवर म्हातारा पडलेला, डोक्याला जबर मार, अंगावर गोणपाटाचं चवाळं टाकलेलं. झोपेत मारलं असं दिसत होतं. माझे जमादार पंचवीस वर्षांची नोकरी झालेले. ते बाजेखाली वाकून बघत हळूच म्हणाले, "मॅडम, एवढ्या जखमेला रक्त लय कमी हाय." ते मी लिहून घेतलं. मग मी आत गेले. जनावरांच्या बाजूला नेहमीचा पसारा, माणसांच्या बाजूची जमीन नुकतीच सारवलेली, अजून ओलसर. मी पंचनाम्यात एक ओळ लिहिली: 'आतील जमीन शेणाने सारवलेली दिसून येते.' आणि बाहेर आले. गावाकडे जमिनी सारवलेल्या असतात, एवढंच मला माहीत होतं. आखाड्याला कुलूप लावून सील केलं.

मयताचा पुतण्या सव्वीस वर्षांचा, अविवाहित, विधवा आईचा एकुलता एक. त्या दिवशी आखाड्यावर राखणीला तोच होता आणि तो कुठेच सापडत नव्हता. फिर्याद शेजारच्या शेताच्या मालकाने दिली. गोड बोलणारा, स्वच्छ कपड्यातला, चाळिशीचा माणूस. "बांधावरून चुलत्या-पुतण्याची रोज कटकट चालायची, मॅडम. आज ना उद्या हे व्हायचंच होतं." नंतर कळलं की बांधाचं भांडण खरंच होतं, पण ते या फिर्यादीशी होतं, चुलता आणि पुतण्या त्यात एका बाजूला होते. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायला कुणी तयार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खबर आली की पोरगा चुडाव्याच्या रेल्वे स्टेशनवर दिसला. मी आणि जमादार तिकडे गेलो. दोन दिवस साध्या कपड्यांत बाकावर बसून येणारी-जाणारी गाडी बघितली. ज्याला बघून खबर निघाली तो नांदेडकडचा एक मिस्त्री निघाला. त्याची उंची सोडली तर बाकी काहीच जुळत नव्हतं. परतताना जमादार म्हणाले, "ही खबर कुठून निघाली ते तरी बघू." धागा मागे मागे नेला तेव्हा तो फिर्यादीपाशी थांबला. तो म्हणाला, "मी बी ऐकलंच होतं, मॅडम." कुणाकडून, ते त्याला आठवत नव्हतं.

या दिवसांत त्या पोराच्या आईला आम्ही ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं. फरार माणसाच्या घरच्यांना असं बसवलं की तो हजर होतो, अशी तेव्हाची समजूत. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही. मीही बसवली. ती बाई रडली नाही, भांडली नाही. जाता-येता मला एकच विचारायची, "बाई, सापडलं का लेकरू?" जसं काही मी तिच्यासाठीच त्याला शोधत होते.

सहाव्या दिवशी त्याचे कपडे आणि वहाणा ओळखायला मी तिला आखाड्यावर घेऊन गेले. वहाणा दाराबाहेरच होत्या.

"त्याच्याच हायेत," ती म्हणाली. "वहाणा सोडून काट्याकुट्यातून कोण पळतंय, बाई?"

"घाईत पळतात मावशी," जमादार म्हणाले.

मी सील तोडून दार उघडलं. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि आत बघत राहिली. मला वाटलं, तिला भरून आलं. पण ती खाली बसली, सारवणावरून बोटं फिरवली आणि मान वर करून म्हणाली, "हे कुणी सारवलंय?"

"घरातल्या कुणी बाईने."

"बाईनं न्हाई. हे दारातून सुरू केलंय. आमी मागच्या भिंतीपासून धरतो अन् मागं मागं सरकत दारातून भायेर निघतो. याच्या हाताचे पट्टे बघा. दारापासून आत गेलाय शहाणा! मंग आत अडकला. भायेर निघताना वल्यातून चालत आला अन् पाय उठले ते वरून लिंपत आला. मधी थर कसा जाड बसलाय, बघायलाव का?"

मी बघितलं. दारापासून भिंतीपर्यंत मधोमध हातभर रुंदीचा पट्टा उंच दिसत होता. पाच दिवसांपूर्वी मी त्याच जागेवर उभी होते.

"म्हणजे पुरुषाने सारवलंय," मी म्हणाले.

"गड्यानंच. पण माझ्या लेकानं न्हाई." ती उठली. "घरात पोरगी न्हाई, माझे गुडघे धरलेले. दहा वर्षं झाली, घर तोच सारवतो. गाव हसायचं त्याला. बायल्या म्हणायचं. विचारा कुणालाबी."

विचारलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पण सगळ्यांनी तेच सांगितलं. एक म्हणाली, "आमच्या सुनंपेक्षा चांगलं सारवायचा तो. मी तिला टोमणा मारायची, जा, त्याच्याकडून शिकून ये."

आता पुरवणी पंचनामा करायचा होता. पंच म्हणून त्या गावात कधी बाई बसलेली नव्हती. मी दोन बायका घेतल्या, एक गावठाणातली आणि एक बौद्धवाड्यातली. दोघींचं आयुष्य सारवण्यात गेलेलं. या विषयातले त्यांच्याहून मोठे तज्ज्ञ मला कुठे मिळणार होते? पहिलीला नवरा बाहेरून हाका मारत होता, "चल घरी, तुला काय करायचंय?" ती आतूनच ओरडली, "सारवायला कधी आलाव का आत? मंग आता बी भायेरच थांबा." दुसरी म्हणाली, "बघा की, आता आमचं शेण बी कोर्टात जायलंय." एकीने अंगठा दिला, दुसरीने सावकाश, जोडाक्षरांसकट पूर्ण सही केली. फोटो काढले, मग थर खरवडून नमुने घेतले. थराखालची माती काळपट लाल होती.

म्हणजे म्हाताऱ्याला आत मारून बाहेर बाजेवर आणलं होतं आणि नंतर जमीन सारवली होती. आता प्रश्न असा होता की आत सांडलेलं रक्त एकट्या म्हाताऱ्याचं की पुतण्याचंही.

मी गावातल्या सहा पुरुषांना चौकशीला बोलावलं, त्यात फिर्यादीही होता. बाजारातल्या हजेरीबद्दल विचारता विचारता मधेच मी सहजपणे विचारायची, "सारवण कुठून सुरू करतात हो?" पाच जण म्हणाले, दारातून. फिर्यादीही हसत म्हणाला, "दारातून, मॅडम. अजून कुठून करत्यात?" सहावा म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो." जमादारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मला हसू आलं नाही. माझ्या एकमेव पुराव्याचं मोल मला त्या क्षणी कळलं. त्या प्रश्नाने एका माणसाला सोडवता येत होतं. कुणाला धरता येत नव्हतं.

फिर्यादीला बाजारात पाहिल्याचे साक्षीदार होते, पण सगळे त्याच्याच भावकीतले. ते शेवटपर्यंत फिरले नाहीत. प्रयोगशाळेचा अहवाल आला: रक्त मानवी, शेणात मिसळल्यामुळे गट निश्चित करता येत नाही. नदीत गळ टाकले, तीन विहिरी उपसल्या. काही मिळालं नाही. माझा संशय कुणावर होता ते तुम्हाला कळलं असेल. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि ते मी आजही पाळते.

मोठ्या साहेबांना पुतण्याला फरार दाखवून दोषारोपपत्र पाठवायचं होतं. तसं केलं की केस कागदावर सुटते. मी पुरवणी पंचनामा त्यांच्यासमोर ठेवला. ते म्हणाले, "बाई, शेणावरून खून शोधणार का तुम्ही?"

मी म्हणाले, "खून शोधता आला नाही साहेब. पण ज्याने केला नाही त्याच्या नावावर तो टाकायचा नाही, एवढं यावरून कळतं."

त्यांनी दोन दिवस कागद ठेवून घेतले. त्या दोन दिवसांत ती आई पुन्हा ठाण्यात आली, या वेळी न बोलावता. साहेब तिला म्हणाले, "तुमचा मुलगा जिवंत आहे असं वाटतं का तुम्हाला?"

 ती म्हणाली, "ते मला ठावं न्हाई. मेला म्हणून लिवू नका, अन् त्यानं चुलता मारला म्हणून तर लिवूच नका. हरवला म्हणून लिवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खुनाचा तपास 'अ समरी'त गेला, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी निष्पन्न नाही. आणि मी माझ्या हाताने बेपत्ता व्यक्तींच्या रजिस्टरात त्या मुलाची नोंद केली: वय, उंची, उजव्या भुवईवर व्रण, पायात वहाणा नाहीत. तिला त्या नोंदीची शिक्क्याची नक्कल दिली.

तिने ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. गावातल्या कुणी तोंड वाकडं करून काही म्हटलं की ती पेटी उघडायची. वाचता तिला येत नव्हतं. पुढे सात वर्षांनी कुणीतरी तिला मुलाच्या मृत्यूचा दाखला काढायचा सल्ला दिला, तेव्हा तिने त्याला दारातून परत पाठवलं.

या केसने मला काय शिकवलं, असं मला व्याख्यानांत विचारतात. मी सांगते की जिथे आपल्याला काहीच वेगळं दिसत नाही, तिथे ते काम रोज करणाऱ्याला आणून उभं करा. हे खरं आहे, पण त्यात एक गोष्ट मी सांगायची टाळते, ती तुम्हाला सांगते. मी तिला पहिल्याच दिवशी आखाड्यावर न्यायला हवं होतं, तेव्हा जमीन ओली होती. लिंपलेल्या थराखाली सारवणाऱ्याच्या पावलाचा ठसा कदाचित अजून शाबूत होता. त्याऐवजी मी तिला व्हरांड्यात बसवलं.

गेल्या महिन्यात तिच्या तेराव्याला मी गेले होते. फिर्यादी काही वर्षांपूर्वीच अंथरुणावर वारला. आखाडा पडला, त्या जागेवर आता ऊस आहे. पंच झालेली बौद्धवाड्यातली बाई अजून आहे. तिनेच पेटीतला कागद मला आणून दिला. घड्यांवर चिरलाय, शिक्का फिकट झालाय. तो माझ्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात, पासपोर्टच्या खाली आहे. त्या मुलाचं नाव कुठल्याही आरोपींच्या यादीत नाही. ते बेपत्ता व्यक्तींच्या रजिस्टरात आहे, आणि ती नोंद अजून बंद झालेली नाही.