चार आठवड्यांच्या वड्या

माझ्या धाकट्या जावेला साबण करायला मीच शिकवलं. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, हे पहिलं शिकवणंसुद्धा माझंच. आज कुंभकोणमात कोणी तिच्या साबणाचं कौतुक केलं की माझं डोकं तापतं.

मी सुरुवात केली ती गच्चीवर, एका बादलीत. मदतीला कोणी नव्हतं. घाण्यावर खोबरेल आणि एरंडेलासाठी एवढी घासाघीस करायची की घाणेवाला मला लांबून पाहूनच कपाळाला हात लावायचा. जावेला सगळं आयतं मिळालं. तिने फक्त त्यात मोहाचं तेल मिसळलं, देवळातल्या दिव्यांत घालतात ते. दिव्याच्या तेलाचा साबण म्हणून यात्रेकरू तिचं दार विचारत यायला लागले. हे मला का सुचलं नाही, ते अजून सलतं.

मागच्या वर्षी तिरुनागेश्वरमच्या एका लॉजच्या मालकीणबाईंना सगळ्या खोल्यांसाठी घरचा साबण हवा होता. त्यांनी आम्हा दोघींना नमुने घेऊन बोलावलं. ही ऑर्डर मला तिच्या हातून काढून घ्यायचीच होती. मीही मोहाचं तेल घालून वड्या पाडल्या. वड्या सहा आठवडे मुरवाव्या लागतात, तोवर त्या हाताला झोंबतात. माझ्या वड्यांना चारच झाले होते. एरवी मी वडी जिभेला लावून बघते. त्या दिवशी लावली नाही, कारण चटका बसणार हे ठाऊक होतं.

मालकीणबाईंनी माझ्या वडीने हात धुतले आणि बोटं चोळत राहिल्या. "काय हो अम्मा, साबण आणलात की मिरची?"

जाऊ मध्येच मालकीणबाईंना तमिळमध्ये म्हणाली, "मामी, वडी कोवळी आहे अजून. अक्कांचा साबण माझ्यापेक्षा चांगला होतो. दोन आठवडे थांबा."

ती हसली असती तर मला भांडता आलं असतं. तिने तेवढंही ठेवलं नाही.

"मग अर्ध्या खोल्या तुम्हाला, अर्ध्या हिला," मालकीणबाई म्हणाल्या.

"द्यायच्या तर सगळ्या द्या. नाहीतर एकही नको." मी पिशवी उचलली.

"अक्का, बसा की," जाऊ घरच्या मराठीत पुटपुटली, मालकीणबाईंना कळू नये म्हणून. "अर्धं तरी घ्या."

"तुझ्या शिफारशीचं मला काही नको."

बाजारात मी अशीच उठते, आणि तिसऱ्या पायरीपर्यंत दुकानदाराची हाक येतेच. लॉजच्या पायऱ्या उतरले, चपला सावकाश घातल्या, रस्ता ओलांडला. कोणी हाक मारली नाही. वळून पाहिलं तर जाऊ तिच्या वड्या टेबलावर मांडत होती आणि मालकीणबाई एकेक नाकाशी नेत होत्या.