वरच्या खोलीचं दार

पहाटे साडेचारला सिद्धोधनला जाग आली. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी उठायची वेळ तीच राहिली. पूर्णा स्टेशनापासून चुडाव्याच्या बाजूला त्यानं जन्मभर रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकल्या. घण खांद्यानं उचलायचा आणि कमरेनं सोडायचा. नुसत्या मनगटानं मारणारा दुपारपर्यंत टिकत नाही.

त्यानं दोन कप चहा केला. एक शुभदाच्या टेबलावर ठेवला. लेक आधीच कामाला बसली होती. बायको सगुणाबाई वारल्यापासून घरात ही दोघंच, आणि लेक दिवसभर पडद्याकडं तोंड करून.

शुभदाचं काम त्याला तिनंच समजावलं होतं. माहिती साठवायचं एक सॉफ्टवेअर. दवाखाने, पतपेढ्या, दुकानं, कुणीही वापरावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. पैसे पडत नाहीत. देशोदेशीची माणसं मिळून ते सांभाळतात. आज त्याची नवी आवृत्ती जाहीर व्हायची होती, आणि जाहीर करायची पाळी शुभदाची होती.

हैदराबादच्या एका कंपनीनं तिला सांगितलं होतं, ही आवृत्ती नीट पार पाड, मग इकडं ये आणि हेच काम पगारावर कर. उद्याच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं.

 सिद्धोधननं घरावर एक खोली चढवायला घेतली होती. भिंती झाल्या, पत्रे पडले, दार-खिडकी राहिली. पेन्शन घरखर्चात जायची, म्हणून दोन हंगाम त्यानं कापसाच्या जिनिंगवर सरकीची पोती उचलली. ती मजुरी दारासाठी बाजूला होती. दार लागलं की लेकीला बसायला स्वतःची जागा होईल, मग ती कशाला जाईल, असा त्याचा हिशेब होता.

तो अंगण झाडत होता. भिंतीपलीकडून शेजारच्या सुलाबाईनं विचारलं, "भाऊ, लेक सकाळधरनं काय बडवायलीय?"

"नवीन सॉफ्टवेअर काढायलीय. फुकट वाटणार हाय."

"फुकट? मग मला एक ठेव म्हणावं."

"ठेवशील कुठं?"

"डब्यात. तुझी लेक गेल्यावर तुलाच लागंल बोलायला काहीतरी."

सिद्धोधननं झाडू जोरात मारला.

दुपारी लाइट गेली. सबस्टेशनचं काम निघालं होतं, अंधार पडल्याशिवाय येणार नव्हती. इन्व्हर्टरवर थोडा वेळ चाललं. मग जुनी बॅटरी बसली आणि टेबलाखालचा मोठा संगणक विझला. शेवटची तपासणी त्याच्यावरच चालू होती.

शुभदा हात मांडीवर ठेवून बसली.

"आता?" सिद्धोधननं विचारलं.

"तपासल्याशिवाय सोडता येत न्हाई, बाबा. आज हुकलं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी."

"मग हैदराबाद?"

"तिथले थांबतेत म्हणं तवर."

दोन महिने. सिद्धोधनच्या मनाला बरं वाटलं. तो उठून माठाजवळ गेला, पाणी प्याला, तिथंच उभा राहिला. त्याच्या गँगनं, रेल्वेच्या मजूरटोळीनं, कधी रूळ उघडा टाकून घर गाठलं नव्हतं. हत्यार मोडलं तर दुसरं आणायचं, पण काम अर्धं ठेवायचं नाही. आणि आज आपण मोडलेल्या हत्यारावर खूश आहोत, हे त्याला उमगलं.

त्यानं पेटीतून दाराचे पैसे काढले आणि पायात चपला सरकवल्या.

बाजारात माणिकराव बॅटरीवाल्यानं जनरेटर लावला होता.

"भरलेली हाय का एखादी?" सिद्धोधननं विचारलं.

"हाय. पण लय जड हाय, मामा. पोऱ्या आल्यावर देतो पाठवून."

"कवा येतो?"

"जेवायला गेलाय. त्याच्या जेवणाचं काही खरं नसतंय."

सिद्धोधन थांबला नाही. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून त्यानं बॅटरी स्वतःच ऑटोत चढवली. घरी उतरवताना मात्र गुडघ्यानं साथ दिली नाही. शुभदा धावली आणि दोघांनी मिळून ती आत नेली.

"कुठल्या पैशाची आणली?" तिनं विचारलं.

"वायर जोड आधी."

दिवस कलला तेव्हा तपासणी पुरी झाली. शुभदानं निवेदन वाचून दाखवलं, मराठीत सांगत. नवं काय, वेग किती वाढला, हे सगळं नंतर होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की जुन्या माहितीची प्रत काढल्याशिवाय हे चढवू नका.

"बाकीच्यांना हे खाली पाहिजे होतं," ती म्हणाली. "मी म्हणलं, लाल झेंडी गाडीच्या पुढं लावतेत."

तिनं बटण दाबलं. निवेदन गेलं.

पण ती उठली नाही. सिद्धोधनलाही ते कळलं. रूळ बदलला की गँग लगेच निघत नाही. पहिली गाडी सावकाश त्यावरून जाईपर्यंत बाजूला उभी राहते. तो स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला.  बऱ्याच वेळानं कुठल्याशा देशातून कुणीतरी लिहिलं, चढवलं, नीट चालतंय.

"गेली गाडी, बाबा."

"गेली."

दुसऱ्या दिवशी तो तिला स्टेशनवर सोडायला गेला. शेवटचा डबा वळणाआड गेल्यावरही चाकांचा आवाज रुळातून येत होता. तो थांबेपर्यंत सिद्धोधन उभा होता.

घरी आला तर लाइट गेलेली. वर पत्र्याखालची खोली दाराविना तशीच होती, आत चिमण्या शिरल्या होत्या. खाली शुभदाच्या रिकाम्या टेबलावरचा दिवा नव्या बॅटरीवर जळत होता. सरकीच्या पोत्यांची मजुरी त्या बॅटरीत गेली होती.