उभ्याचे नवरात्र आणि माझा डावा पाय

देवी सर्वांकडे सारख्याच दृष्टीने पाहते, हे वाक्य मी वर्गातील मुलांना कितीतरी वेळा सांगितले असेल. परंतु ज्या वर्षाविषयी मी लिहीत आहे, त्या वर्षी माझा स्वतःचा त्यावर विश्वास उरला नव्हता. आमच्या घरात देवीची नजर जाते ती माझ्या धाकट्या जावेकडे, शेवंताकडे, आणि मी त्या नजरेच्या वाटेत येतच नाही, अशी माझी खात्री झाली होती. मनुष्याला देवाचा राग येणे मी समजू शकते. देवाच्या बाबतीत दुसऱ्या माणसाचा हेवा वाटणे मात्र फार अवघड असते, कारण त्याची तक्रार कोणाजवळ करावी हेच कळत नाही.

आमचे गाव प्रवरेच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. मी तेथील प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. एका खोलीत दोन इयत्ता बसत, त्यामुळे खुर्ची असूनही तिच्यावर बसण्याचा प्रसंग क्वचितच येई. घरी सासूबाई, आम्ही दोघी जावा, दोघींचे पती आणि माझी तीन मुले. शेवंताला मूल नव्हते. गावातील सर्वजण मला ‘बाई’ म्हणत आणि ते ऐकून माझी मुलेही मला ‘बाई’च म्हणू लागली. शेवंता दिवसभर घरात असल्यामुळे तिला मात्र ती ‘आई’ म्हणत. शाळेतून आले की धाकटी मुलगी तिच्या कडेवर बसून माझ्याकडे पाहुणीकडे पाहावे तशी पाही. यात शेवंताचा काही दोष नव्हता, आणि नेमकी तीच गोष्ट मला सहन होत नसे.

आमच्याकडे काही स्त्रिया उभ्याचे नवरात्र करतात. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत जमिनीला पाठ अथवा मांडी टेकवायची नाही, असा तो नेम असतो. झोप फार अनावर झाली, तर देवळाच्या तुळईला दोरांनी टांगलेल्या फळीवर हात आणि छाती रेलून तेवढ्यापुरती डुलकी घ्यायची. घटावर रोज एक माळ चढते आणि दिवस त्या माळांनी मोजले जातात. शेवंता मुलासाठी असा पाच वर्षांचा नवस बोलली होती. चार वर्षे तिने तो पार पाडला होता. त्या दिवसांत गावच्या बायका येता-जाता तिच्या पायांना हात लावत. मीही वर्षभर उभीच असे, परंतु माझ्या उभे राहण्याला लोक नोकरी म्हणत.

आता माझ्या पायाविषयी सांगितले पाहिजे. तिसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पायाच्या पोटरीवर निळसर शिरा दिसू लागल्या. माझ्या आईलाही तशा होत्या, म्हणून मी लक्ष दिले नाही. पुढे संध्याकाळी पाय जड होऊ लागला, घोट्याशी सूज येऊ लागली, आणि शिरा दोरखंडासारख्या पीळदार होऊन वर आल्या. आणखी काही काळाने घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी खाजू लागली, तपकिरी पडली आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. हे सर्व एवढ्या सावकाश घडले की प्रत्येक टप्प्यावर मला तो नेहमीचाच पाय वाटत राहिला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मला निजवून पाय उंच धरला, तेव्हा शिरा पार दिसेनाशा झाल्या. मग मांडीला पट्टा आवळून त्यांनी मला उभे केले आणि थोड्या वेळाने पट्टा सोडला. त्याबरोबर वरून खाली रक्त भरत गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. “तुमच्या विहिरीवर इंजीन आहे ना?” त्यांनी विचारले. “पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो, तो गळका झाला की चढवलेले पाणी परत विहिरीत उतरते. पायाच्या शिरांतही अशाच झडपा असतात. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. तुमच्या जांघेजवळची झडप गळते आहे.” चालताना पोटरीचे स्नायू पंपाचे काम करतात, नुसते उभे राहिले की पंप बंद आणि सगळा भार खालच्या शिरांवर, हेही त्यांनी समजावले. उपाय तीन सांगितले. दिवसा क्रेप बँडेज बांधायचे, सवड मिळेल तेव्हा पाय छातीपेक्षा उंच ठेवून निजायचे, आणि शेवटी नगरला जाऊन ती शीर शस्त्रक्रियेने काढून टाकायची. “कातडी फुटली तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि शीर फुटली तर रक्त थांबणे अवघड,” ते म्हणाले. “एकाच जागी उभे राहणे टाळा.”

हे सर्व मला नीट समजले होते. तरीही त्या वर्षीच्या घटस्थापनेला मी शेवंताच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

सासूबाईंनी आदल्या दिवशी मला चुलीपाशी विचारले होते, “मास्तरीण, तुला कशापायी पायजे हे? देवीनं तुला तीन लेकरं दिली, पगार दिला. आता काय मागायचं ऱ्हायलं?”

“मागायचं काही नाही,” मी म्हणाले.

“मंग शेवंतीच्या जागंवर कशाला डोळा?”

शेवंता भाकरी थापत होती. ती हसून म्हणाली, “असू द्या की आत्याबाई. मला बी बोलायला कुणीतरी हुईल. बाई गोष्टी सांगतील रातच्याला.” तिच्या त्या सरळपणाने मी अधिकच पेटले. तिने माझा हेवा करावा, निदान थोडे तरी बिथरावे, असे मला वाटत होते.

मी नेम असा आखला: शाळेच्या वेळात वर्गात उभे राहायचे, उरलेला वेळ देवळात. पायाची पट्टी मात्र मी सोडून ठेवली. पट्टी बांधून उभे राहणे म्हणजे कॉपी करून परीक्षेत उतरण्यासारखे आहे, अशी माझी समजूत होती. देवीने माझे उभे राहणे शेवंताच्या बरोबरीचे धरावे, एवढाच माझा हट्ट होता, आणि बरोबरी करायची तर साधनेही सारखीच हवीत.

पहिल्या तीन माळा निभावल्या. चौथ्या माळेपासून पाय मांडीपर्यंत ठणकू लागला. पाचवीला घोट्याची कातडी चकाकू लागली. शेजारी शेवंता उभी असे. तिचे पाय धुळीने माखलेले, टाचांना भेगा पडलेल्या, परंतु शिरांचा मागमूस नसलेले, सरळ, घट्ट. मी आरतीच्या वेळी देवीच्या मुखवट्याकडे पाहण्याऐवजी त्या पायांकडे पाही. ती मधून मधून जागच्या जागी पाय उचलून आपटी आणि मला म्हणे, “बाई, हलवा की जरा पाय. नुसत्या खांबावानी काय ऱ्हाताय?” मला ती नेमात सूट घेते आहे असे वाटे. म्हणून मी आणखी ताठ उभी राही.

सातव्या माळेच्या दिवशी रविवार होता. दुपारी देवळात आम्ही दोघी, सासूबाई आणि दोन-चार बायका होत्या. मला घोट्यापाशी काहीतरी कोमट ओघळल्यासारखे वाटले. वेदना मुळीच नव्हती. खाली पाहिले तर फरशीवर रक्त पसरले होते आणि घोट्याजवळून त्याची बारीक धार लागली होती.

बायका गोळा झाल्या. कोणीतरी हळद दाबली, ती वाहून गेली. सासूबाईंनी करदोट्यासारखी दोरी काढून गुडघ्याच्या वर करकचून आवळली. धार कमी होण्याऐवजी जोरात आली. मी खांब धरून उभीच होते. मला कोणी खाली बसवू लागले की मी हात झटकत होते. शेवंता अजून उभी होती, आणि तिच्या आधी मी बसणार नव्हते.

त्याच वेळी देवळाच्या दारात एक परकी बाई आली. साधारण चाळिशीची, पांढऱ्या साडीतली, गळ्यात काळ्या दोऱ्याला लहानसा क्रूस. फाट्यावर एस.टी. पंक्चर झाली होती आणि गावात पाणी कुठे मिळेल म्हणून विचारीत ती रांजणाकडे आली होती. दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात रांजण भरलेले असे ते फक्त देवळातच. तिने माझ्याकडे पाहिले आणि पाण्याचे भांडे तसेच ठेवले.

“ही दोरी सोडा आधी,” ती म्हणाली. “रक्त वर जायची वाट बंद केलीत, ते खालीच येणार. मी नर्स आहे. बाई, आडव्या व्हा.”

“माझं उभ्याचं नवरात्र आहे,” मी म्हणाले.

“असू दे. आडव्या व्हा.”

मला घेरी येत होती. दोघींनी धरून मला फरशीवर निजवले. नर्सने आपला रुमाल घडी करून जखमेवर अंगठ्याने दाबला आणि पाय उंच केला. मग आजूबाजूला पाहत म्हणाली, “कुणीतरी इथं बसा. पाय खांद्यावर घ्या, आणि मी दाबलंय तसं दाबून धरा. मला पट्टी करायची आहे.”

आसपासच्या बायका मागे सरल्या. माझे डोके दाराकडे होते, म्हणजे पाय गाभाऱ्याकडे होते. देवीसमोर पाय करण्यात सहभागी होण्याचे धाडस कोणी केले नाही. मग कोणीतरी गाभाऱ्याच्या पायरीला पाठ लावून मांडी घालून बसल्याचे मला दिसले आणि माझी टाच एका खांद्यावर टेकली. ती शेवंता होती.

“शेवंते, नवस,” सासूबाई एवढेच म्हणाल्या.

“रगत चाललंय आत्याबाई,” शेवंता म्हणाली आणि तिने रुमालावर अंगठा दाबला.

त्या क्षणी माझ्या मनात कृतज्ञता आली, असे लिहिले तर ते असत्य होईल. माझ्या मनात आले, हिने बसण्यातही मला मागे टाकले. मी तिच्यासारखे उभे राहू पाहत होते आणि तिने न मागता, न विचारता, पाचव्या वर्षाची सातवी माळ माझ्या घोट्यासाठी सोडून दिली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा देवीच्या मुखवट्यापुढे शेवंताचे डोके होते आणि तिच्या खांद्यावर माझा रक्ताळलेला पाय. मला देवी त्याच दिवशी पहिल्यांदा दिसली, असे वाटते. कारण मला तिच्याकडे पाहण्यासाठी शेवंताला ओलांडणे शक्यच नव्हते.

रक्त थांबले. नर्सने पोटरीपर्यंत घट्ट पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवायला सांगितले आणि फाट्यावरून हॉर्न ऐकू येताच तांब्याभर पाणी पिऊन निघून गेली. तिचे नावही कोणाला विचारता आले नाही. ती एस.टी. नेमकी तेथेच का पंक्चर झाली, याचा अर्थ लावण्याचा मी प्रयत्न करीत नाही. जसे घडले तसे सांगते.

गावात मात्र सर्वांनी अर्थ लावला. देवीनेच शेवंताला बसवले, असे सासूबाई सांगू लागल्या, आणि दसऱ्याला तिच्या पाया पडणाऱ्या बायकांची संख्या पूर्वीपेक्षा वाढली. मी बाजेवर पाय उशीवर घेऊन ते पाहत होते. रक्त माझे गेले आणि पुण्य तिच्या पदरात पडले, हा विचार त्या वेळीही मला शिवून गेला.

दिवाळीनंतर नगरच्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया झाली. जांघेत शीर बांधून टाकली आणि घोट्यापर्यंतची बिघडलेली शीर ओढून काढली. एवढी मोठी शीर गेल्यावर रक्त कुठून जाणार, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की खोलवरच्या शिरा मुख्य काम करीतच असतात. ही वरची शीर केवळ ओझे होऊन बसली होती. माझ्याजवळ राहायला शेवंताच आली. दोन दिवसांत संपूर्ण वॉर्ड तिला नावाने हाक मारू लागला. मला सर्वजण ‘शेवंताची पेशंट’ म्हणत.

एका दुपारी मी धीर करून तिला विचारले, “तुझा नवस माझ्यामुळे मोडला. तुला वाईट नाही वाटलं?”

ती मोसंबे सोलत होती. “वाटलं की. घरी गेल्यावर रडले मी,” ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. “पर खरं सांगू का बाई, कुणाला सांगू नका. बसल्यावर लई बरं वाटलं. पाच वरसं झाली, मी देवीला म्हनत हुते, आई, एकदा कुणीतरी म्हनावं मला, बस म्हनून.”

मी हसले आणि टाके ताणले म्हणून कळवळले, आणि तीही हसू लागली. त्या पायांचा मी इतका हेवा केला होता. ते दुखत असतील, असे माझ्या मनात एकदाही आले नव्हते.

शेवंताला अद्याप मूल नाही. देवीचा हिशेब मला कळत नाही, आणि आता मी तो तपासायलाही बसत नाही. हेवा संपूर्ण गेला आहे, असेही मी म्हणणार नाही. तो येतो, आला की मी ओळखते. परंतु देवीने मला माझ्या लायकीपेक्षा फार जास्त दिले, आणि ज्या माणसाच्या हातून मला ते नको होते, त्याच माणसाच्या हातून दिले, याबद्दल मी तिची ऋणी आहे. शरण जाणे म्हणजे देवापुढे ताठ उभे राहून आपले बळ दाखवणे, असे मी समजत होते. त्याचा खरा पाठ मला रुग्णालयात मिळाला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला चालायला सांगितले. रक्त साकळू नये म्हणून चालणे आवश्यक होते. शेवंताने माझा हात आपल्या गळ्यात घेतला. मी तिच्या खांद्याला नुसता हात लावून, सारा तोल स्वतःच सावरत, भिंतीच्या कडेने दोन पावले टाकली आणि थांबले.

“असं अधांतरी कशाला चालताय?” ती म्हणाली. “टाका की भार. मी हाय.”

मी भार टाकला.