ठेक्यामागून येणारे माणिकमास्तर

माणिकमास्तर क्लॅरिनेट ओठांना लावायचे आणि वाजवायचेच नाहीत. माझा ड्रम सुरू झालेला, वरातीतली मंडळी खोळंबलेली, आणि मास्तर डोळे मिटून उभे. सगळ्यांना वाटायचं, चुकले. मग ठेक्याच्या किंचित मागून असा सूर यायचा, की चालणाऱ्यांची पावलं आपोआप बदलायची.

तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात गोव्याच्या वादकांबरोबर जाझ वाजवत. वडील गेल्यावर नांदुऱ्याला परतले आणि त्यांनी बँड काढला. नवं मराठी राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मी त्यांच्याकडे लागलो. मी ठेका फार घट्ट धरला की म्हणत, "ठेक्याच्या उरावर काऊन बसतं बे? त्याले श्वास घेऊ दे."

आम्ही स्टेशनाजवळ ज्या दुकानात चहा प्यायचो, त्याच्यापुढून जिनिंगच्या बाया सकाळी कामावर जात. त्यांतल्या सरजाबाई चालता चालता यमक जुळवून बोलायच्या. कारखान्यात कापसातली सरकी आणि रुई वेगळी व्हायची, आणि बायांची तान्ही लेकरं फाटकाबाहेर निंबाखाली राहायची. भोंगा होईपर्यंत पाजायला जायची मुभा नव्हती. एके दिवशी त्या म्हणाल्या, "सरकी इकडे, रुई तिकडे, लेकरू माहं कोनीकडे?" बाकीच्या हसल्या. मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली आणि ते त्यांच्यामागे गेले.

आपल्याला गाता येत नाही, असं सरजाबाईंनी सांगून टाकलं.

"गाऊ नका बाई. बोला. गान्याचं मी पाह्यतो."

पंधरा दिवस मास्तरांच्या अंगणात तालीम झाली. माझा ड्रम यंत्रासारखा एकसुरी चालायचा, सरजाबाई त्यावर बोलायच्या, आणि त्या थांबल्या की क्लॅरिनेट शिरायची. कधी विचारत, कधी हुज्जत घालत.

त्याच हिवाळ्यात जिनिंगमध्ये नवं यंत्र आलं. पूजेला बँड आमचाच होता. आरती झाल्यावर मास्तरांनी मला मानेनं खूण केली. सरजाबाई बायांमधून पुढं आल्या. पहिलं कडवं संपायच्या आत मॅनेजर हात आडवा करत आला. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली आणि खुर्चीवरच्या म्हाताऱ्या मालकांना शांतपणे म्हणाले, "शेठजी, अर्धं झालं. पुरं ऐका, मंग बंद करा."

मालकांनी मॅनेजरला बसायला सांगितलं. आम्ही पुरं केलं. टाळी कुणी वाजवली नाही. मास्तर क्लॅरिनेट पुसत उभे होते, लग्नातून निघाल्यासारखे.

पुढच्या आठवड्यापासून बायांना दिवसातून दोनदा लेकरांकडे जाऊ देऊ लागले. आम्हाला मात्र जिनिंगची सुपारी, म्हणजे वाजवायचं बोलावणं, परत आली नाही. मास्तर म्हणाले, "एका सुपारीत एवढं झालं, लय झालं."

गाणं आमच्याआधी गावोगाव पोचलं. साखरखेर्ड्याला एका लग्नाला निघालो, तर वाटेवरच्या शेतात बाया कापूस वेचताना तेच म्हणत होत्या. बऱ्याच वर्षांनी बुलढाण्याच्या कॉलेजात गॅदरिंग होतं, तिथं मी थकलेल्या मास्तरांना घेऊन गेलो. पोरांनी ते गिटारवर बसवलं होतं, आणि एका मुलीनं शेवटी आपलं कडवं जोडलं: शिकायला घर सोडून आलेय, माय एकटीच वेचणीला जाते. हे मूळचं नाही, असं सांगायला मी उठलो. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"बस बे. इतके दिवस माय बोलत होती. आता लेकरू बोलून राह्यलं."

त्या उन्हाळ्यात मास्तर गेले. तेव्हापासून मी कुणाचे शब्द दुरुस्त करत नाही. कुणी म्हणायला लागलं, की समोर जे असेल त्यावर ठेका धरतो.