मुठीतली नोट

शेळगावच्या फाट्यावर एसटी येताना दिसली की आई माझा हात हातात घ्यायची, तळव्यात काहीतरी ठेवायची आणि माझीच बोटं एकेक करून मिटायची. गाडी वळणाआड जाईपर्यंत मूठ उघडायची नाही, हा तिचा नियम. खिडकीतून उसाचे तुरे मागं सरकत राहायचे, ऊन डोळ्यांवर यायचं आणि मुठीतली नोट ऊब धरायची. वळण गेलं की मी मूठ उघडायची. चार घड्या घातलेली नोट, तिला तूरडाळीचा वास. काटेवाडीला सासरी पोचेपर्यंत तो वास सोबत असायचा आणि आपण कुणाची तरी लेक आहोत, असं वाटत राहायचं.

ते पैसे दुधाचे. आमच्याकडे धारा आईच काढते. डेअरीतून दुधाचा पगार रोख मिळायचा, तेव्हा त्यातली एखादी नोट वाट चुकून डाळीच्या डब्यात जायची. घरात सगळ्यांना हे ठाऊक असणार. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग पगार बँकेत जमा व्हायला लागला. खातं आईच्याच नावाचं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाईमाणसाचं बरं झालं. मलाही वाटलं. पण आईकडे फोन नाही, म्हणून खात्याला नंबर लावला माझ्या भावाचा, दादाचा. किराणा, औषधं, सगळं तोच फोनवरून भागवायचा. आईला काही कमी नव्हतं. फक्त तिच्या हाताला पैसा लागेनासा झाला आणि डब्यात नुसती डाळ उरली.

दिवाळीनंतर निघाले तेव्हा तिनं नेहमीसारखी माझी मूठ मिटली आणि कानाशी आली.

"आता पैसं ह्यातच असत्यात म्हणं. तुला पायजे तेवढं काढ. दादाला कळाय नगं."

वळणानंतर पाहिलं तर तिचं एटीएम कार्ड, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली पिनची चिठ्ठी. मला हसू आलं, लगेच रडूही आलं. खरं तर कार्ड तसंच ठेवून द्यायचं. पण मला आईची नोट हवी होती. काटेवाडीला न उतरता मी तशीच बारामतीला गेले आणि शंभराची एक नोट काढली. कोरी, गार, कसलाच वास नसलेली.

मशीनपासून वळतेय तोच दादाचा फोन. मेसेज आला होता. आईच्या कार्डावरून कुणी पैसे काढले म्हणून तो घाबरला होता. मी खरं ते सांगितलं. तो हसला. म्हणाला, मला सांगायचं की, हजार पाठवले असते. दादा मनानं चांगला आहे. त्याच्यावर रागवायला जागाच नाही, त्यामुळे तर जास्तच राग आला. मागून आई विचारत होती, काय झालं. त्यानं तिला सांगितलं.

संक्रांतीला पुन्हा गेले. कार्ड परत दिलं, तिनं ते न बघताच फळीवर ठेवलं. दुपारी जेवणं झाल्यावर घर निजलं. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा डोळे मिटून रवंथ करत होत्या. त्या सुस्तीत मी एका नोटेच्या चार घड्या केल्या आणि ती डाळीच्या डब्यात खोल खुपसली. आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर तिनं माझा हात हातात घेतला, बोटं एकेक करून मिटली आणि माझीच नोट माझ्याकडे परत आली. पण देताना तिचा चेहरा पहिल्यासारखा दिसत होता, किती दिवसांनी. मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"ह्येचा मेसेज कुणाला जात न्हाय ना गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

गाडी सुटली. वळण गेलं, तरी मी मूठ उघडली नाही.