चाचांच्या हिरव्या-पांढऱ्या ओळी

चंद्रपूर जिल्ह्यात वाघापेक्षा सावध प्राणी एकच, आणि तो आमच्या शेजारी राहतो. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. कुलूप लावून ते सात वेळा ओढतात, मग ओढून ओढून सैल झालं असेल म्हणून पुन्हा उघडून लावतात. फोन केला की आधी विचारतात, "तूच बोलून राह्यली ना?" होय म्हटलं की त्यांचा संशय वाढतो.

असा माणूस पोटासाठी वेबपेज बनवायचा. मोहर्लीच्या जंगल सफारीवरच्या महिला गाईडांच्या पाळ्यांची यादी त्यांच्याकडे होती. एक ओळ पांढरी, एक फिकट हिरवी, म्हणजे वाचताना नजर घसरत नाही. नावं वनखात्याच्या कार्यालयातून बदलत. रंग मात्र चाचा एकेका ओळीला हातानं देत. मी म्हटलं, "चाचा, एकदा नियम लिहा, रंग आपोआप बसतात. नाव घाला, काढा, पट्टे नीटच राहतात."

"तेच तर. काई झालं तरी नीट दिसते. असा माणूस असला तर मी त्याले घरात नाई घेत, पान काऊन घेऊ?"

मोर्च्यांत पत्रकं वाटत, सरकारवर संशय घेत मोठी झालेली मी. पण एवढा अविश्वास मलाही जड जायचा.

हंगामाच्या तोंडावर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर दोन हिरव्या ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या. "मधातली पांढरी कुठी गेली?" जुनी यादी काढून त्यांनी बोट ठेवलं. सुमनबाई गेली होती. यादीत नाव नाही म्हणजे हंगामभर काम नाही, आणि तिचं घर त्या कामावरच चालायचं. मी तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा ठरवला. चाचांनी कार्यालयात फोन लावला. एकाच नावाच्या दोघी पाहून नव्या कारकुनानं एक दुबार समजून काढली होती.

"दोन सुमनबाया हायेत भाऊ, दोन्ही जिंदा," चाचा म्हणाले. संध्याकाळपर्यंत नाव परत आलं. माझं पत्रक राहून गेलं. कारकून खरंच नवा होता का, हे चाचा अजून विचारतात.

यंदा ते काम दुसऱ्याला दिलं. हातानं रंग देण्यात फार वेळ जातो, असं कार्यालय म्हणतं, आणि ते खोटं नाही. आता पट्टे आपोआप पडतात, एकही चुकत नाही. परवा सुमनबाई भेटली. म्हणाली, "चाचाले सांगजो, यादी लय सुंदर दिसते आता."

मी सांगितलं नाही. चाचा रोज सकाळी ते पान उघडतात, आणि रंगांचा भरवसा उरला नाही म्हणून एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचतात.